वाट्टेल त्या पत्त्यांवर कॉल करणाऱ्यांशी पोकर कसा खेळावा

पोकर नव्याने शिकलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. "समोरचे जरा डोक्याने खेळले असते तर मी जिंकलो असतो. हे कशावरही कॉल करतात आणि रिव्हरला नेमका हवा तो पत्ता यांनाच येतो!" यातलं दुसरं वाक्य कधीकधी खरं असतं. पहिलं मात्र नाचता येईना अंगण वाकडं या जातीचं. समोर डोक्याने खेळणारे असते तर हा नवखा आणखी लवकर हरला असता, आणि कसा हरला हेसुद्धा त्याला कळलं नसतं.

जो माणूस सत्ती-दुर्री घेऊन तुमच्या एक्क्यांच्या जोडीला कॉल करतो, तुमचा नफा त्याच्याकडूनच यायचा आहे. तो कसा मिळवायचा, आणि मधूनच तो तुमचा स्टॅक (तुमच्यासमोरच्या सगळ्या चिप्स) घेऊन गेला तर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. खेळाचे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे. सगळी उदाहरणं नो-लिमिट टेक्सस होल्डेमची आहेत.

पहिलं काम: समोरचा कोणत्या प्रकारचा लूज आहे ते बघा

लूज म्हणजे फार डाव खेळणारा. नऊ जणांच्या टेबलावर बरा खेळाडू पाचातल्या साधारण चार डावांत पत्ते टाकून देतो. लूज खेळाडू निम्मे डाव खेळतो, कधी त्याहूनही जास्त. टेबलावर बसलात की बटण दोन-तीनदा फिरेपर्यंत कोण किती वेळा आपणहून पैसे घालतं एवढंच मोजा. त्या वेळात तुमच्याकडे खेळण्यासारखे पत्ते बहुधा येणारच नाहीत, तेव्हा दुसरं काही कामही नसतं.

पण नुसतं 'लूज' म्हणून भागत नाही. एक असतो कॉल करत राहणारा. तो रेझ क्वचित करतो, फोल्ड त्याहून क्वचित. दुसरा असतो मारत सुटणारा: बेट, रेझ, पुन्हा रेझ, हातात काही असो वा नसो. या दोघांशी खेळायच्या रीती जवळजवळ उलट्या आहेत. नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या दोघांना एकाच मापाने मोजल्यामुळे. तिसरा प्रकार तात्पुरत्या लूजचा. एरवी सांभाळून खेळणारा, पण आत्ताच मोठा पॉट हरून बसलेला. तो तासाभरात पुन्हा मूळपदावर येतो, म्हणून त्याच्याबद्दलचं मत पक्कं करू नका.

पत्ते उघडले जातात तेव्हा फोन बघत बसू नका. फुकटात मिळणारी सगळ्यात चांगली माहिती तीच. कोणी काय दाखवलं एवढंच नव्हे, तर ते पत्ते घेऊन तो फ्लॉपला, टर्नला, रिव्हरला काय करत आला ते मागे जाऊन आठवा.

फ्लॉपच्या आधी

एक्क्यांची जोडी हातात आली आणि तुम्ही सगळ्यांना स्वस्तात आत येऊ दिलंत, तर काय होतं ते आकड्यांत बघा. समोर कोणतेही दोन पत्ते घेतलेला एकच माणूस असेल, तर रिव्हरपर्यंत तुम्ही ८५ टक्के वेळा जिंकता. दोन असतील तर सुमारे ७३, तीन असतील तर ६४, चार असतील तर ५६ आणि पाच असतील तर ४९ टक्के. म्हणजे पाच जणांना आत घेतलंत तर जगातली सगळ्यात मोठी जोडी निम्म्याहून जास्त वेळा हरते. नंतर त्याला 'बॅड बीट' (खूप पुढे असूनही नशिबाने हरणं) म्हणून कपाळावर हात मारण्यात काही अर्थ नाही.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. सहा जणांनी सारखेच पैसे घातले, तर तुमचा खर्च पॉटचा सहावा हिस्सा, म्हणजे १७ टक्के. आणि तुम्ही जिंकता ४९ टक्के वेळा. हरण्याची संख्या वाढते तसा नफाही वाढतो. ही गोष्ट मनाला पटवून घेणं अवघड जातं, पण लूज टेबलावरचं सगळं गणित हिच्यावर उभं आहे.

मग करायचं काय? चांगले पत्ते असतील तर रेझ मोठा करा. सावध टेबलावर बिग ब्लाइंडच्या तिप्पट रेझ पुरतो. इथे तिप्पटीला पाच जण कॉल करत असतील तर पाचपट करा, सहापट करा. तरीही कॉल येत असतील तर आणखी वाढवा. नुसते कॉल करून आत आलेले आधीच बसले असतील, तर प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वर चढवा. 'एवढ्याने सगळे पळतील' ही भीती एकदा तपासून बघा. बहुतेकदा ते पळत नाहीत.

पत्त्यांची किंमतही इथे बदलते. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी यांची किंमत चढते, कारण समोरचा त्याच एक्क्याबरोबर पंजी घेऊन कॉल करतो आणि किकरवर (जोडीबाहेरच्या दुसऱ्या पत्त्यावर) मार खातो. छोट्या जोड्याही चढतात. फ्लॉपला सेट (हातातल्या जोडीचा तिसरा पत्ता) लागायची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांतून एकदा. पण लागला की कॉल करत राहणारा पूर्ण स्टॅक देऊन जातो. अट एकच. तुमच्या दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान असेल, त्याच्या पंधराव्या भागापेक्षा जास्त पैसे या आशेवर घालू नका. राजा-दश्शी, राणी-नव्वी असे वेगवेगळ्या रंगांचे, दिसायला देखणे पत्ते उतरतात. त्यांतून जी मधली जोडी तयार होते, तिने चार जणांत निभाव लागत नाही. आणि निव्वळ ब्लाइंड चोरण्यासाठी केलेला रेझ तर विसराच. जो फोल्ड करत नाही त्याच्याकडून चोरणार काय?

जागा निवडता येत असेल, तर मारत सुटणारा तुमच्या उजव्या हाताला हवा. म्हणजे त्याने काय केलं हे बघून मग तुम्ही ठरवता. तो डावीकडे बसला की तुमच्या प्रत्येक स्वस्त कॉलवर त्याचा रेझ येऊन आदळतो.

कॉल करत राहणाऱ्याशी

याला ब्लफ करू नका. लोक मान डोलावतात आणि दहा मिनिटांत तेच करतात, म्हणून हिशेब करून ठेवा. पॉट १०० चिप्सचा आहे आणि तुम्ही ५० ची बेट लावता. ही बेट निव्वळ ब्लफ म्हणून तोट्यात जाऊ नये, तर समोरच्याने किमान तीनात एकदा फोल्ड करायला हवं. पॉटएवढी बेट असेल तर दोनात एकदा. कोणतीही जोडी धरून बसणारा माणूस इतक्या वेळा फोल्ड करतो का? एक्का-राजा घेऊन तुम्ही रेझ केलात तरी तीनपैकी दोन फ्लॉप कोरडेच जातात. अशा वेळी चेक करून गप्प राहण्यात कसलाही कमीपणा नाही.

ब्लफ बंद केल्यावर उरलेली सगळी ताकद चांगल्या पत्त्यांच्या बेटवर लावायची. इथे नवखा माणूस नको तेवढी लाज बाळगतो. टॉप पेअर (बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) आणि चांगला किकर असताना फ्लॉपला बेट, टर्नला बेट आणि रिव्हरला 'आता त्याच्याकडे काहीतरी असेल' म्हणून चेक. समोरच्याने दुसऱ्या जोडीवर तो तिसरा कॉलही केला असता! रिव्हरला बोलायची शेवटची पाळी तुमची असेल आणि त्याने चेक केलं असेल, तर स्वतःला एवढंच विचारा: तो ज्या पत्त्यांवर कॉल करेल, त्यांतल्या निम्म्याहून जास्त पत्त्यांना मी हरवतो का? उत्तर हो असेल तर बेट लावा. बेटचा आकडाही अंगचोरपणाने लावू नका. ४० ला कॉल करणारा ७० लाही करतो.

दबा धरून बसण्याचाही इथे उपयोग नाही. सेट लागला म्हणून चेक करून सापळा लावणं हे मारत सुटणाऱ्यासमोर चालतं. कॉल करत राहणारा स्वतः बेट लावत नाही, त्यामुळे तुमच्या चेकवर तोही चेक करतो आणि एक पूर्ण फेरी फुकट जाते. त्यातून त्याचा ड्रॉ (एखादा पत्ता येऊन पूर्ण व्हायचा हात) विनाखर्च पूर्ण होतो तो वेगळाच.

ड्रॉचं गणित एकदा नीट बघा, कारण बहुतेक रडगाणी इथूनच निघतात. टर्नला पॉट १०० चा आहे, तुमची जोडी पुढे आहे, समोरच्याकडे फ्लशचा ड्रॉ आहे. तुम्ही १०० ची बेट लावली आणि त्याने कॉल केला. उघडे आणि दोघांच्या हातातले मिळून ८ पत्ते वगळले, तर ४४ उरतात. त्यातले ९ त्याच्या कामाचे. म्हणजे तो साडेवीस टक्के वेळा जिंकतो. १०० घालून २०० मिळवायचे तर त्याला ३३ टक्के हवेत. अशा प्रत्येक कॉलमागे त्याचं सरासरी सुमारे ३९ चिप्सचं नुकसान होतं. ज्या डावात तो पाचवा बदाम उघडून हसतो, त्या डावातसुद्धा त्याचा निर्णय ३९ चिप्सच्या तोट्याचाच होता. तुमचं काम दोन गोष्टींचं: त्या कॉलची पुरेपूर किंमत लावणं, आणि पत्ता लागल्यावर त्याने अचानक मोठी बेट लावली तर आणखी पैसे न देणं.

त्या दुसऱ्या गोष्टीत बरेच जण घसरतात. तासभर फक्त कॉल करत आलेला माणूस टर्नला किंवा रिव्हरला रेझ करतो, तेव्हा त्याच्याकडे खरंच काहीतरी मोठं असतं. 'हा तर काहीही खेळतो' हे त्याच्या कॉलबद्दल खरं आहे, रेझबद्दल नाही. एक्क्यांची जोडी असली तरी टाका.

मारत सुटणाऱ्याशी

इथे रीत उलटी. याच्याकडून बेट लावून पैसे काढायचे नाहीत, त्यालाच लावू द्यायच्या. चेक करा, कॉल करा, पुन्हा चेक करा. तो १०० च्या पॉटमध्ये १०० ची बेट लावतो तेव्हा तुम्हाला तीनात एकदा जिंकलं तरी बरोबरी होते. निम्म्या वेळा हवेत गोळीबार करणाऱ्यासमोर टॉप पेअर भक्कमच म्हणायची, दुसरी जोडीही कधी पुरते. त्याने रेझ केला आणि तुमच्याकडे चांगले पत्ते असले, तर फ्लॉपच्या आधीच पुन्हा रेझ करून बाकीच्यांना बाहेर काढा. मग सामना दोघांचाच राहतो आणि पत्तेही तुमचेच सरस असतात.

पण आधी त्याचे दोन-तीन डाव उघडलेले बघा. काही जण फ्लॉपच्या आधी बेफाम असतात आणि नंतर अगदी शहाण्यासारखे फोल्ड करतात. अशाला रिव्हरपर्यंत कॉल करत गेलात तर तुम्हीच कॉल करत राहणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसता. आणि मध्ये तिसरा खेळाडू असेल, तर दुसऱ्या जोडीचं हे शौर्य नको. बेफाम माणसाच्या बेटला ज्याने शांतपणे कॉल केला, घाबरायचं असेल तर त्या तिसऱ्याला.

ताकास तूर लागत नाही तेव्हा

'याच्या हातात काय आहे तेच कळत नाही' ही लूज खेळाडूंबद्दलची खरी अडचण. उपाय असा की एक विशिष्ट हात ओळखायचा नाद सोडून द्या. बोर्डावर तीन इस्पिक पडले, तुमच्याकडे एकही इस्पिक नाही, आणि समोर कोणतेही दोन पत्ते खेळणारा माणूस आहे. त्याचा फ्लश आधीच झालेला असण्याची शक्यता किती? उरलेल्या ४७ पत्त्यांत १० इस्पिक. त्यातले दोन्ही त्याच्याकडे असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. एकच इस्पिक असण्याची मात्र ३४ टक्के. मग भिऊन चेक करण्यापेक्षा आत्ताच बेट लावणं शहाणपणाचं, कारण एका इस्पिकवर तो पैसे भरायला तयार असतो. एकाच रंगाचे पत्ते लोक जरा जास्तच हौसेने खेळतात, त्यामुळे खरा आकडा थोडा चढतो. तरी चित्र पालटत नाही.

जो कमी पत्ते खेळतो, त्याच्या हातात भारी पत्ते असण्याचं प्रमाण मोठं. जो सगळंच खेळतो, त्याच्या हातात बहुतांश कचरा असतो. त्याने छक्की-तिर्रीवर दोन जोड्या दाखवल्या, तो डाव लक्षात राहतो. त्याच छक्की-तिर्रीवर फ्लॉपला गुपचूप टाकून दिलेले दहा डाव कोणालाच दिसत नाहीत.

आणि मग तो रिव्हर येतो

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. शेवटचे दहा उरले असताना फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी होती आणि ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. फ्लॉपला दोन राण्या आणि छक्की आली, टर्नला नव्वी. आयव्हीचं फुल हाउस झालं आणि सगळे पैसे मध्ये गेले. मनीमेकरला वाचवणारे पत्ते सात: तीन एक्के, तीन छक्क्या आणि शेवटची राणी. ४४ पैकी ७ म्हणजे १६ टक्के. रिव्हरला एक्का आला. आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर पडला, तर हौशी खेळाडू मनीमेकरने पुढे २५ लाख डॉलरचं पहिलं बक्षीस नेलं. खरा बॅड बीट तो असा: पैसे मध्ये गेले तेव्हा एक जण खूपच पुढे होता, आणि एका पत्त्याने सगळं उलटलं.

आता तुमच्या हरलेल्या डावाला हीच फूटपट्टी लावा. मोठे पैसे नेमके कधी मध्ये गेले आणि त्या क्षणी जिंकण्याची शक्यता किती होती? राजांची जोडी घेऊन एक्क्यांच्या जोडीला भिडलात, तर तो बॅड बीट नव्हे. तिथे तुम्हीच सुमारे १८ टक्क्यांवर होता, आणि दोन्ही बाजूंना पैसे घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. राण्यांची जोडी एक्का-राजासमोर हरली, तर तोही नाही. ती ५७ विरुद्ध ४३ ची लढत. फ्लॉपला चेक करून फुकट पत्ता दिलात आणि त्यावर हरलात, तर ती तुमची चूक. या चाळणीतून गेल्यावर खरे बॅड बीट फार थोडे उरतात.

उरतात तेही वाटतात तितके दुर्मीळ नसतात. समजा पाच वेळा तुम्ही ८० टक्क्यांच्या बाजूने ऑल-इन गेलात. पाचही जिंकण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के. म्हणजे तीनातल्या दोन वेळा एक तरी डाव जाणारच. लूज टेबलावर तुम्ही वारंवार पुढे असता, त्यामुळे मागून येऊन हरवणारेही जास्त भेटतात. सतत बॅड बीट खाणारा खेळाडू बहुधा पैसे योग्य वेळी घालत असतो.

डाव गेल्यावर लगेच काय करायचं? पुढचे दोन-तीन डाव पत्ते न बघता टाकून द्या किंवा जागेवरून उठा. पाणी प्या, जरा चाला. त्या वेळात कोणताही निर्णय घ्यायचा नाही. परत बसताना स्वतःवर नजर ठेवा. एरवी टाकले असते असे पत्ते खेळताय का? एकाच माणसाला पाण्यात पाहून त्याच्या प्रत्येक रेझला कॉल करताय का? 'गेलेले वसूल झाले की उठतो' असं मनात येतंय का? हा टिल्ट, म्हणजे हरल्याच्या रागात ताबा सुटून खेळणं, सगळ्यांना ओळखू येतो. त्याचं दुसरं, भित्रं रूप सहसा सुटतं: चांगले पत्ते असूनही बेट छोटी लावणं, 'पुन्हा लागेल त्याला' म्हणून चेक करणं. आरडाओरडा नसल्यामुळे ते दिसत नाही, नुकसान मात्र तेवढंच करतं. यातलं काहीही दिसलं तर त्या दिवसापुरतं थांबा. किती बाय-इन (टेबलावर बसताना एका वेळी घ्यायची रक्कम) गेले की उठायचं, हा आकडा बसण्याआधीच ठरलेला हवा. हरत असताना ठरवलेला आकडा दर अर्ध्या तासाने सरकतो.

आणि एक विनंती. ज्याने तुम्हाला सत्ती-दुर्रीवर हरवलं, त्याची शिकवणी घेऊ नका. 'यावर कॉल कसा केलास?' हा प्रश्न टेबलावर विचारणं म्हणजे स्वतःच्या नफ्यावर पाणी सोडणं. एक तर तो सुधारेल, नाहीतर ओशाळून दुसऱ्या टेबलावर जाईल. 'छान डाव' म्हणा आणि पुढचे पत्ते घ्या. बॅड बीटच्या कहाण्याही इतरांना ऐकवू नका. ज्याला सांगाल त्याच्याकडे स्वतःच्या दहा तयार असतात.

पैशांची तयारी

नो-लिमिटमध्ये चढउतार किती मोठे असतात याची नवख्याला कल्पनाच नसते. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात आणि दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकता. १०० डावांमागचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो ते माप) ९० बिग ब्लाइंड धरू. या खेळात ते साधारण ८० ते १०० असतं. १०,००० डावांत तुमची सरासरी कमाई ५०० बिग ब्लाइंड, पण विचलन ९००. हिशेब केला तर एवढं खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के येते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५-३० डाव होतात, म्हणजे १०,००० डावांना साडेतीनशे-चारशे तास लागतात! तेव्हा 'गेला महिना वाईट गेला' यावरून तुमच्या खेळाबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

म्हणून खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवा, आणि ज्या टेबलावर बसता तिथले २० ते ३० बाय-इन तरी गाठीशी असू द्या. लूज टेबलावर पॉट मोठे होतात, तेव्हा त्याहून जास्त असतील तर उत्तम. उसने पैसे घेऊन बसू नका. हरलेले परत मिळवण्यासाठी वरच्या टेबलावर जावंसं वाटत असेल, घरच्यांपासून आकडे लपवावे लागत असतील, तर प्रश्न पत्त्यांचा राहिलेला नाही. खेळ थांबवा आणि विश्वासातल्या कोणाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

शेवटचं काम खेळ संपल्यावरचं. वहीत मोठे हरलेले डाव चार रकान्यांत लिहा: पैसे गेले तेव्हा मी खूप पुढे होतो, जवळपास बरोबरी होती, टाळता न येणारी टक्कर होती, मी चुकलो. सोबत पत्ते, पॉट आणि जिंकण्याची टक्केवारी. टक्केवारी काढायला फुकट मिळणारं कोणतंही पोकर कॅल्क्युलेटर चालतं. लिहायचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री लिहायला बसलात तर सगळे डाव पहिल्याच रकान्यात जाऊन बसतात.